मामांचं खुणेचं नाव

तिसगाव, ८ डिसेंबर २०२४

ती. हनुमंतमामांस सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दिलेले स्वेटर आमच्या कर्णबधिर शाळेतल्या सगळ्या मुलांनी घातले. निघताना तुम्ही विचारलंत, ‘मुलं माझ्याकडे बघून मानेवर बोटं का फिरवतात?’ ते तुमचं नाव. ती प्रत्येकाला खुणेचं नाव देतात. माझं नाव म्हणजे चष्मा वर सरकवणं. तुमच्या नावाचा अर्थ ‘ऊबदार’.

एक मागणं आहे. खुणांची भाषा शिकवणारे ओंकार सर स्वतःही कर्णबधिर. त्यांच्या पगाराला मिळणारी मदत मार्चमध्ये संपते. सर गेले तर मुलांशी पोटभर बोलणारं कुणी उरणार नाही. तुम्ही भार उचलाल का?

मामींना नमस्कार. लोभ स्वेटरांहून जास्त टिकावा.

सुकन्या

सुपा, १५ डिसेंबर

चि. सुकन्या हिस अ. उ. आ.

फोनवर हल्ली तुझा आवाज बारीक येतो, म्हणून पत्रच बरं. फोनच भिकार बनवतात.

नाव लई आवडलं! सोसायटीच्या सभेत उभा राहिलो आणि मान खाजवून स्वतःची ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. शेजारचा बिभीषण मात्र खुर्ची लांब घेऊन बसला. तुझी मामी म्हणते, पावडर लावा.

पोरं ऊबदार म्हणतात तर मागं कशाला हटू? आणखी एकेक स्वेटर सांगून टाकतो. सरांचं पुढच्या वर्षी बघू.

आशीर्वाद आहेतच.

तुझा मामा

तिसगाव, १९ डिसेंबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

स्वेटर सांगू नका. मी खोटं बोलले. त्या खुणेचा अर्थ ‘खाज’. लोकर फार टोचते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगत होते. नीट विचार केला तर मदत आटू नये, ही भीतीही होतीच. मुलं तुमच्या तोंडावर खरं बोलली आणि त्यांच्या बाईंनी मध्ये साखर पेरली. रागवा, पण माझ्यावर. सरांवर नको.

लोभ उरला असेल तर ठेवावा.

सुकन्या

सुपा, २६ डिसेंबर

चि. सुकन्या हिस अ. उ. आ.

रागावलो तर! पोरांना खोटं पाडायला उरलेला एक स्वेटर मी उघड्या अंगावर चढवला. दुपारपर्यंत पाठ लालबुंद. मामीनं खोबरेल चोळलं, वर हसली. पोरं खरी. स्वेटर रद्द, सरांचा पगार माझ्याकडे.

परवा तू नगरला गेलेली असताना शाळेत येऊन गेलो. तुमच्या वर्गातल्या अलफियाला फळ्यावर लिहून नाव बदलून मागितलं. तिनं खाली लिहिलं, दिलेलं नाव परत घेत नसतात. काय करणार?

अट एकच. दर शनिवारी सरांनी मलाही शिकवावं. दोष फोनचा नाही गं. मामी मला चहाला हाक मारते, ती बिभीषणला ऐकू जाते आणि तो येऊन पिऊन जातो.

लोभ ठेव, पावडर पाठव. सही करत नाही. तूच एकदा मान खाजव, पत्र कुणाचं ते कळेल.