जाड भिंतीचं घर

२ सप्टेंबर १९६८
टक टक — टक. शाळेत मी नावाड्याची कविता म्हणायचो आणि शेजारी बसलेला गिरिधर बोटांच्या पेरांनी बाकावर असा ठेका धरायचा. गुरुजी मला शाबासकी देत, त्याचा कान पिळत. आयुष्य सरत आलं, पण तो ठेका काही कानातून गेला नाही.

आजपासून आम्ही पुन्हा शेजारी! सक्करदऱ्याजवळचं हे घर दोघांनी मिळून घेतलं. दोघं विधुर, दोघं पेन्शनर. दोन ऐसपैस खोल्या. माझं दार पुढच्या रस्त्यावर, त्याचं मागच्या गल्लीत, आणि मधे ही भिंत. केवढी जाड! आत एक माणूस मावेल. विकणारे देवराव म्हणाले, जुनं काम आहे, उन्हाळ्यात खोली गार राहते. कोणाची खोली कोणती, हे गिरिधरनं खरेदीखतात लिहूच दिलं नाही. काहून लिहाचं गा, म्हणे, आपल्या दोघात रेघ कायची? मला भरून आलं.

९ सप्टेंबर
खाट आणि भिंत यांच्यामधे आरामखुर्ची टाकली आहे. संध्याकाळी तीत बसून जुन्या कविता मोठ्यानं म्हणतो. गिरिधर पलीकडून लोट्यानं ठेका धरतो. भिंत इतकी जाड, की आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. सुख म्हणजे आणखी काय असतं?

१८ सप्टेंबर
खुर्ची अडकली. खाटच सरकली असेल, म्हटलं. पण खाट होती तिथेच आहे. हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली, तर खाटेच्या पायापासून भिंतीपर्यंत बरोबर बसली.

२४ सप्टेंबर
आज काठी बसत नाही.

गल्लीतून वळसा घालून तडक गिरिधरकडे गेलो. मी तोंड उघडण्याआधी तोच ओरडला, तूच माही खोली खाऊन राहिला! कपाटाचं दार उघडत नाही म्हणे. काय नाटक! बाकावरसुद्धा अर्ध्याहून जास्त जागा हाच अडवायचा, तेही सुनावलं. तो म्हणाला, शाबासकी तुले अन् कान माह्या, तेच तू आतालोक चालवत आला. शेजारपाजार गोळा झाला. घरी येऊन दाराला आतून कडी घातली. रागानं, दुसरं काही नाही.

१ ऑक्टोबर, दसरा
गिरिधर आपट्याची पानं घेऊन दारात आला. सोनं घे गा कृष्णा, सोड आता, म्हणाला. मी म्हटलं, सोनं नको, माझी जागा दे. आणि दार तोंडावर लावून घेतलं. मग दारावर तोच ठेका वाजवून गेला.

मला वाईट वाटलेलं नाही.

५ ऑक्टोबर
दिवसभर भिंतीतून टक टक — टक. वाकुल्या दाखवतो आहे! मी काठीनं भिंत बडवली. लगेच उत्तर आलं. अगदी जवळून, स्पष्ट. पूर्वी लोट्याचा आवाजसुद्धा धड येत नव्हता.

खुर्ची बाहेर काढली.

१० ऑक्टोबर
समोरच्या पंचफुलाबाई भाकरी घेऊन आल्या, पण उंबरा ओलांडेनात. बाहेरूनच बोलल्या. या घराला आधी तीन खोल्या होत्या. दोन बाजूंना देवराव आणि त्यांचा भाऊ, मधली खोली बहिणीची, तुळसाबाईची. बापानं मरताना दिलेली. दोघा भावांनी आपापली भिंत दर साली थोडी थोडी आत सरकवली. खाट मावेना तवा बाई बसून झोपे, म्हणाल्या, मंग उभ्यानं. उभ्यानंच गेली. उरलेल्या फटीत विटा भरल्या अन् भिंत म्हणून विकली तुमाले. आता ते बाई आपला हिस्सा वापस घेऊन राहिली. तुमी निंगा इथून, बाप्पा.

मी भाकरी परत केली. हे गिरिधरनंच शिकवून पाठवलेलं. मी निघून गेलो की सगळं घर त्याचं! जाणार नाही. मेलो तरी नाही.

१४ ऑक्टोबर
खाट उभी करून ठेवली. बसून झोपलो.

चोरा, म्हणून ओरडलो. मित्राचा गळा कापणाऱ्या, म्हणून ओरडलो. प्रत्येक शिवीला एकच उत्तर. टक टक — टक. भिंत ओलसर आहे, आणि ऊन. जाड भिंत गार असते ना?

१६ ऑक्टोबर
उभ्यानं लिहितो. भिंत दाराच्या चौकटीशी आली. दार वीतभर उघडतं, पुढे नाही. पंचफुलाबाईंना हाक मारली — घर बंद दिसतं त्यांचं —

मला गिरिधरचा राग येतो आहे. यायलाच हवा. राग नसला की भिंतीपलीकडे श्वास ऐकू येतो — बाईमाणसाचा —

१७ ऑक्टोबर
दार वाजलं. टक टक — टक.

गिरिधर! दारावर! उघड गा कृष्णा, म्हणतो, दसऱ्याच्याच दिवशी मी कन्हानले गेलो लेकीकडं, तुह्याशी भांडलो म्हून तारा लई रागावली मले, आताच बसमधून उतरलो. तुझं सोनं खिशातच आहे, वाळलं, पण आहे —

दसऱ्यापासून कन्हानला.

मग इतके दिवस पलीकडून —

कडीपर्यंत हात जात नाही. गिरिधर, ढकल — नको, पळ — नको, थांब, थांब गा — सोनं दे — भिंत छातीला — दारावर तू वाजवलंस की आतून ती पण —