खुर्शीदाची एक तसबीह

मी, अन्नपूर्णाबाई वसंतराव नारखेडे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा संगणक देखभाल, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. तब्येत बरी आहे, डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे दीर गजेंद्रभाऊजी यांचं या बाबतीत वेगळं मत आहे, पण ते डॉक्टर नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. जे होतं ते तोंडी होतं, आणि तोंडी होतं म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

कलम पहिले. माझे यजमान वारले. मला एकच मुलगा, सागर. तो पुण्याला नोकरी करतो. मुलगा गुणी आहे, फोन करायचा मात्र विसरतो. खालच्या मजल्याचं घर, अंगण आणि अंगणातलं सीताफळ सागरला. हे घर माझ्या स्वकष्टाच्या कमाईतून घेतलेलं आहे, यात कोणाचा वडिलोपार्जित हिस्सा नाही.

कलम दुसरे. वरच्या मजल्याची उत्तरेकडची खोली, तिच्यातली यंत्रं, बॅटऱ्या आणि वायरिंग, शिवाय जिन्याने केव्हाही जाण्या-येण्याचा हक्क आणि विजेचं वेगळं मीटर, हे सर्व गुलनाज शेख कय्यूम हिला. गुलनाज माझी नातलग नाही. माझी भागीदार खुर्शीदा, तिची ही मुलगी; आईच्या मागे तीच माझ्यासोबत यंत्रं सांभाळते. खोली तिलाच का, ते लिहिणं भाग आहे, कारण उद्या कोणी विचारलं तर सांगायला मी नसेन.

खुर्शीदा आणि मी एकाच जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कारकून होतो. तिथे युनिक्सचं पहिलं यंत्र आलं, तेव्हा बिघडलं तर आपल्यावर नको म्हणून पुरुषमंडळींनी ते आमच्या टेबलावर ढकललं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. हळूहळू आम्हाला उमगलं की या यंत्राचा सगळा स्वभाव साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेला असतो. एक नाव, बरोबरचं चिन्ह, एक आकडा, बस. तो आकडा बदलला की आतला कर्नेल, म्हणजे यंत्राचा गाभा, आपलं वागणं बदलतो. तो ज्यांनी रचला त्यांनी मलकापूरचं नावही ऐकलेलं नसेल. तरी त्यांनी आमच्यासाठी या ओळी मोकळ्या सोडल्या होत्या, की बाबा, तुमच्याकडे जसं असतं तसं तुम्ही लिहा. मी त्या दिवशी जी थक्क झाले ती आजवर आहे. देवळात हात जोडताना माझं मन इकडेतिकडे जातं, त्या फायलीपुढे कधी गेलं नाही.

पुढे नोकरी सोडून आम्ही या खोलीत आमचं स्वतःचं यंत्र मांडलं. तेही युनिक्सच्याच घराण्यातलं. मलकापूर, मोताळा, धाड इकडच्या जिनिंगांचे वजनकाटे त्याला जोडलेले आहेत. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन इथे येतं आणि इथून पावती जाते. अडचण एकच. काट्यावरची लाइट गेली की तिकडची जोडणी मरते, पण इथल्या यंत्राला ते कळत नाही. ते गप्प झालेल्याची जागा धरून बसतं, आणि जागा मोजक्या असतात. किती वेळ धरायची याची कर्नेलची मूळ किंमत, म्हणजे कोणी काही सांगितलं नाही तर तो धरतो ती, दोन तास आहे. दोन तासांनी तो विचारतो, आहेस का रे. तोवर गाड्यांची रांग हायवेपर्यंत जाते.

खुर्शीदाने तो आकडा खाली आणला. फार खाली आणला तर धाडची लाइन तुटायची. ती लाइन दम खात खात बोलते, जिवंत असूनही गप्प असते. खुर्शीदाने बरोबर मधली जागा शोधली आणि काटे सुरळीत चालू लागले. फक्त तिने तो आकडा चालत्या यंत्राला सांगितला होता, फायलीत लिहिला नव्हता. चालत्या यंत्राला सांगितलेलं ते लगेच ऐकतं आणि बंद पडेपर्यंत इमानाने पाळतं. बंद होऊन पुन्हा उठलं की मात्र ते फाइल वाचतं. फायलीत ओळ नसेल तर मूळ किंमत घेतं. हे खुर्शीदाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "लिहून टाकू ना अन्नपूर्णे, काऊन घाई करतं," म्हणायची. यंत्र कधी बंदच पडत नसे, म्हणून ते राहून गेलं.

मग थोड्याशा आजारात ती गेली, आणि तिचा आकडा चालत राहिला. तिला मातीला नेलं तेव्हाही वरच्या खोलीत यंत्र तिच्याच सांगण्याप्रमाणे गप्प काट्यांची वाट पाहत होतं. माणूस गेलं आणि त्याचा शब्द विजेवर जिवंत राहिला, हे मी पाहिलं आहे. मी काम नसताना वर जाऊन नुसती पंख्याचा आवाज ऐकत बसे. मला तिची फार आठवण येत होती.

ऐन हंगामात, भर दुपारी, लाइट गेली ती बॅटऱ्या संपेपर्यंत आली नाही. यंत्र बंद पडून उठलं, त्याने फाइल वाचली आणि दोन तास घेऊन बसलं. खुर्शीदाचा आकडा गेला. तो मला माहीत नव्हता, गुलनाजलाही नव्हता. मला वाटलं, माझी मैत्रीण दुसऱ्यांदा वारली.

धाडचा काटा चालवणारे कडूबा फोनवर म्हणाले, "ताई, गाडीवाले मला कापसात गाडतेत आता. काय करू सांगा."

गुलनाजने एक आकडा घातला, धाड तुटलं. दुसरा घातला, गाड्या अडल्या. मग ती थांबली आणि कपाटातून आईची तसबीह, म्हणजे जपाची माळ, काढून घेतली.

"मावशी, धाडचा काटा गप झाला की अम्मी हे घेऊन बसे. एक पुरी झाली की मंग पुसे, हाय का."

"मले वाटे ती जप करून राह्यली."

"हाव. जपही करे."

इतकी वर्षं शेजारी बसून मला हे दिसलं नव्हतं. गुलनाजने डोळे मिटले आणि आईच्या चालीने एकेक मणी सरकवला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. एक तसबीह जेवढ्या वेळात झाली, तेवढे सेकंद तिने घातले. धाड तुटलं नाही. गाड्या हलल्या. खुर्शीदाचा हाच आकडा होता का, हे सांगणारं कोणी नाही.

या वेळी गुलनाजने तो फायलीत लिहिला. आमच्या खोलीचा रिवाज असा की जुनी ओळ खोडायची नाही. तिच्यापुढे # अशी जाळीची खूण टाकायची. खूण असली की यंत्र ती ओळ सोडून देतं, माणूस मात्र वाचू शकतो. तशीच खूण टाकून तिने नव्या ओळीच्या वर लिहिलं : एक तसबीह. खुर्शीदा. धाड हळू बोलतं, तोडू नये. आणि मग, गाड्या नुकत्या कुठे हलल्या असताना, तिने स्वतःच्या हाताने यंत्र बंद केलं.

मी म्हटलं, "येडी झाली का बे पोरी?"

"लिहिलेलं टिकलं का, हे बंद केल्याबिगर कसं कळन, मावशी?"

यंत्र उठलं. त्याने ती ओळ वाचली आणि पाळली.

मी खुर्शीदाला तिच्या आजारपणात शब्द दिला होता की ही खोली गुलनाजची. तोही चालत्या यंत्राला सांगितलेलाच शब्द आहे. कायद्याचीही मूळ किंमत असते. मी काही लिहिलं नाही, तर मी बंद पडताच कायदा आपली मूळ किंमत घेईल, आणि खोली सागरची होईल. हे मी सागरला फोनवर सांगितलं.

"आई, मी काय नाही म्हणून राह्यलो का? मी देतो ना तिले."

"तू देशील रे. मले भरोसा हाय. पन तुयं 'देतो'बी तोंडीच हाय ना?"

तो म्हणाला, "लिही आई. बरोबर हाय तुयं." या ओळीसाठी मी त्याची आभारी आहे.

कलम तिसरे. बँकेतली ठेव सागरला. माझ्या पाटल्या सून प्राची हिला. तिने त्या मोडून दुसरं काही केलं तरी मला राग नाही.

कलम चौथे. गजेंद्रभाऊजी त्या काळी म्हणाले होते, "बाईमानसाच्या हाती मशीन देल्ली, आता काटे उलटे फिरतीन." काटे सुलटेच फिरले. त्यांना जुना स्टॅबिलायझर द्यावा. तो दिवसभर कुरकुरतो आणि उपयोग काही नाही, दोघांचं जमेल. त्यांच्याबद्दल आणखी जे लिहिणार होते त्याच्यापुढे मी जाळीची खूण टाकली आहे.

कलम पाचवे. दर खंडेनवमीला, हंगाम सुरू होण्याआधी, गुलनाजने यंत्राला हळदकुंकू लावावं, आईच्या अत्तराचा फाया ठेवावा, आणि यंत्र मुद्दाम बंद करून सुरू करावं. जे लिहायचं राहिलं असेल ते त्या दिवशी कळेल.

कलम सहावे व शेवटचे. या कागदाची चाचणी मला घेता येत नाही. ती मी बंद पडल्यावरच होणार. म्हणून सागरला सांगते. मी बोलेनाशी झाले की दोन तास धरून बसू नकोस. खुर्शीदाची एक तसबीह होईल एवढा वेळ थांब, एकदा हाक मार, आणि उत्तर आलं नाही तर वरची किल्ली गुलनाजच्या हातात देऊन माझी जागा मोकळी कर. मागे गाड्या उभ्या असतील.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. गुलनाजला यात मिळकत मिळते, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही. ती वर यंत्रापाशी आहे.

सही : अन्नपूर्णाबाई वसंतराव नारखेडे

साक्षीदार :
१. कडूबा सपकाळ, राहणार धाड, वजनकाटा चालक
२. अ‍ॅड. संघपाल इंगळे, राहणार मलकापूर

स्थळ : मलकापूर
दिनांक : १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी. यंत्र सकाळी बंद करून सुरू केलं. सगळं जागेवर आहे.