पुतळ्याच्या कमरेचा पट्टा

मी, खाली सही करणारा, धंद्याने लेडीज टेलर, गल्लीत ‘मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याला वेळ मिळू नये, म्हणूनच आज लिहितो आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. नेहमीच्या नव्हे, दुसऱ्या डॉक्टरांकडून, कारण नेहमीचे डॉक्टर माझ्या मुलाशी फोनवर बोलतात.

१. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, एवढे घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मुलगा व सूनबाई वर राहतात, मी दुकानामागच्या खोलीत. धाकटी मुलगी लग्न होऊन परगावी असते. हे घर कोणाला द्यायचे याचा घोळ माझ्या मनात फार दिवस चालला, आणि निकाल लागला तो कमरेच्या एका पट्ट्यावर. म्हणून आधी पट्ट्याविषयी.

२. मागच्या वर्षी अस्तराचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना मी पडलो, असे घरचे म्हणतात. मी पडलो नव्हतो, खालच्या पायरीवर बसलो होतो. जरा घाईने बसलो, एवढेच. त्यानंतर सूनबाईने हा पट्टा आणला. तोल जायला लागला की तो कमरेवर थरथरतो, आणि माणूस खरेच पडला तर स्वतः केकाटतो आणि तिच्या फोनवरही बोंब ठोकतो. शिवण भिकार आहे, पण तो मुद्दा वेगळा.

मी विचारले, “अजून काय काय सांगतो हा तुला?”

“तुम्ही किती चाललात, कधी बसलात, तेवढंच, बाबा. बाकी काही नाही.”

‘बाकी काही नाही’ असे चटकन म्हणणारे गिऱ्हाईक मी आयुष्यभर पाहिले आहे. कपडा शिवून झाला की त्याला बाही बदलून हवी असते.

त्याच आठवड्यात जिन्यातून मुलाचे वाक्य कानावर आले, “आता यांना एकटं ठेवणं बरं नाही.” दुसऱ्या दिवशी तो जिन्याच्या भिंतीची मापे घेताना दिसला, तीही माझ्याच टेपने. विचारले तर म्हणाला, “असंच.” मला सगळे लख्ख दिसले. पट्टा रोज चुगली करणार, म्हातारा झोकांड्या खातो हे सिद्ध होणार, माझी रवानगी वृद्धाश्रमात आणि दुकान दलालाच्या घशात. पुढे त्या भिंतीला धरायला कठडा लागला, हे खरे आहे. पण कठडा असलेल्या घराला चांगला भावही येतो.

३. तेव्हा मी पट्टा दुकानातल्या पुतळ्याला बांधला. कपडा बेतून पाहायचा हा पुतळा मी माझ्या दिवंगत पत्नीच्या मापाने भरून घेतला होता, म्हणजे तिला माझ्यासमोर ताटकळत उभे राहायला नको. पट्टा त्याच्या कमरेला चपखल बसला. सकाळी सूनबाई कामावर निघाली की मी पट्टा बांधून तिच्यासमोरून एक फेरी मारायचो, आणि तिची पाठ वळली की तो पुतळ्याला. पुतळा दिवसभर ताठ उभा. करा चुगली.

४. पुतळ्याचा पाय डुगडुगत होता. एका दुपारी मी ट्रायल रूममध्ये स्टुलावर बसून, मला मना केलेले खारे दाणे खात होतो, तेवढ्यात बाहेर पुतळा धाडकन आडवा झाला आणि पट्टा केकाटू लागला. मी सांडलेले दाणे वेचून लगबगीने उठलो, पण पडद्यापर्यंत येतो न येतो तोच सूनबाई दुकानात शिरली. ती कोपऱ्यावरच्या दाताच्या दवाखान्यात कामाला आहे. हातातले रबरी मोजे तसेच होते आणि एका पायातली चप्पल गायब. मी बाहेर यायला हवे होते. आलो नाही. माझ्यामागे ही काय बोलते ते ऐकायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती.

पुतळा पाहून ती त्याच्याजवळ खाली बसली. मग पट्टा बंद करून तिने मुलाला फोन लावला. त्याचाही आवाज मला स्पष्ट येत होता.

“बाबा नाही पडले. पुतळा पडलाय.”

“पट्टा पुतळ्याला आहे?”

“बरेच दिवस झाले. दिवसभरात एक पाऊल चालत नाहीत, एकदा बसत नाहीत. कळतं की.”

“माहीत होतं, तर मग काम टाकून धावलीस कशाला?”

तिने एका हाताचा मोजा ओढून काढला. मग म्हणाली, “आज घातला असता तर?”

तिने पुतळा उचलून भिंतीला टेकवला, पट्टा सारखा केला आणि निघून गेली. माझे डोळे भरून आले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

५. पण मी लगेच विरघळणारा माणूस नाही. ट्रायल रूमचा पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. आत कोणी आहे हे बाहेरच्याला कळावे म्हणून मीच तो तसा कापला. म्हणजे माझी पावले तिला दिसली असू शकतात, आणि ते वाक्य तिने मला ऐकवायला म्हटलेले असू शकते. या शंकेने मी बरेच दिवस पोखरून निघालो.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. बाहेरून पडदा सारायचा नाही, आतल्याने आपल्या वेळेने यायचे. पावले दिसली नसतील, तर ती बोलली ते खरे. दिसली असतील, तर सासरा पडद्यामागे लपून उभा आहे हे तिला कळले होते, आणि तरी तिने पडदा सारला नाही. त्यानंतर घरात कधी त्यावरून हसलीही नाही. दोन्ही बाजूंनी उलटून पाहिले, शिवण धरते.

६. सबब हे घर व दुकान मी सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावाने देतो. मुलाला राग येईल. त्याने कठड्याला धरून वर जावे व शांत बसावे. मुलीला तिच्या आईचे दागिने आणि माझी मोठी कात्री. त्या कात्रीने कागद कापल्याचे कळले तर मी जिथे असेन तिथे मला त्रास होईल.

७. शेजारच्या इस्त्रीवाल्याला पट्टा द्यावा. हल्ली तोही उठताना टेबल धरतो. माझी इस्त्री नेऊन बूड जाळून परत केली, ते मी विसरलेलो नाही. तो पट्टा घालणार नाही. मात्र त्याच्याकडे पुतळा नाही.

ठिकाण: दुकानातले बेतायचे टेबल.
दिनांक: ८ जुलै, मंगळवार, दुकानाची सुट्टी, सूनबाई कामावर असताना.

सही: मास्तर

साक्षीदार:
१. दुसरे डॉक्टर.
२. शेजारचा इस्त्रीवाला. मजकूर वाचू दिला नाही. मास्तरांनी सांगितले म्हणून एवढेच लिहितो की सही करताना पेन खाली पडले, ते उचलायला मास्तर वाकले तेव्हा पट्टा थरथरला. पट्टा त्यांच्याच कमरेला होता. मी हात लावून खात्री केली.