बादलसाठी नियम

६ जानेवारी, सोमवार
सकाळपासून एकवीस शिंका. मोजल्या. डोळे मिरची लागल्यासारखे. मंगरुळपीरच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला — मांजराची ॲलर्जी. एक तर मांजर काढा, नाहीतर शिस्तीत ठेवा.

लग्नाला सव्वा महिना झाला. इंझोरीहून बायकोबरोबर कपाट आलं, भांडी आली आणि तिचा बोका आला! राखाडी आहे म्हणून नाव बादल. आई शेजारणीला सांगत होती, आंदनात मांजर आणनारी सून पह्यल्यांदाच पाह्यली.

निकिताला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "शिस्तीतच ठेवतो मी. तुमी फक्त सांगा."

७ जानेवारी
नियम लिहून भिंतीला लावले. झोपायच्या खोलीत बादल नाही. रोज अंगणात ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसायचं. घरात झाडू बंद, ओलं पुसणं. चादरी कढत पाण्यात. त्याला हात लावला की साबण. बारावी नापास असलो तरी अक्षर नीट काढलं, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा पाहिले. निकितानं वाचलं. बादलला वाचता येत नाही, त्याला मी समजावतो म्हणाली. हसली. कोणाला हसली कोण जाणे.

१२ जानेवारी, रविवार
दोन शिंका.

१३ जानेवारी
एकही नाही. डोळे स्वच्छ. मेथीच्या जुड्या बांधताना नाक पुसावं लागलं नाही. मांजर घरात, आणि मी ठीक. आनंद व्हायला हवा होता.

झाला नाही. ती अंग पुसायला बसते तेव्हा अर्धा तास त्याच्याशी बोलते. मावशीची म्हैस व्याली, आज वरणात मीठ जास्त पडलं, सगळं त्याला. मला काय? "जेवून घ्या." बस. काय बोलत होतीस विचारलं तर म्हणे, काही नाही.

संध्याकाळी तिला सांगितलं, छाती भरून येते. खोटं. इथं तरी खरं लिहितो.

१५ जानेवारी, बुधवार
खोटं खोकणं अवघड नाही. दोन दिवसांत जमलं. खोकलो की ती येते, पाठ चोळते. पाठ चोळताना माझ्याशीच बोलते!

आईनं आज तिला सुनावलं, "पोराचा जीव जाऊन राह्यला अन् तुले मांजर पाह्यजे." मी तिथंच बसलो होतो. एक शब्द बोललो असतो तर मिटलं असतं. बोललो नाही. निकिता कणीक मळत राहिली.

१७ जानेवारी, शुक्रवार
केलं.

ती आईबरोबर वांगी तोडायला गेली होती. बादलला पोत्यात घातलं. आमच्याकडं म्हणतात, पोतं गरगर फिरवलं की मांजराला दिशा कळत नाही, आणि पाणी ओलांडून सोडलं की ते परत येत नाही. सात वेळा फिरवलं. मोटरसायकलवर आसेगावच्या रस्त्यानं पुलापलीकडं नेलं. पोत्याचं तोंड सोडलं तरी बाहेर येईना. झटकलं. झोकांड्या खात दोन पावलं चालला आणि माझ्याच पायाला अंग घासून उभा राहिला. ओळखीचा माणूस मीच ना तिथं! मागं न बघता निघालो.

घरी सांगितलं, सकाळपासून दिसला नाही.

१८ जानेवारी
दिवसभर हाका मारत फिरली. लोकांच्या कडब्यात, गोठ्यात, पाण्याच्या टाकीमागं. मलाही नेलं सोबत. मीही हाका मारल्या. आई म्हणाली, बरं झालं, आता पोराले आराम पडन. निकिता आईला हो म्हणाली.

हो का म्हणाली, कळत नाही.

१९ जानेवारी, रविवार
दुपारी सासरे आले, जानराव. इंझोरीहून दोन गाड्या बदलून. हातात झाकणाची टोपली, आत जुनं लुगडं घडी करून अंथरलेलं. मी पाणी दिलं. निकिता विहिरीवर होती.

पाणी पिऊन म्हणाले, "बुधवारीच फोन केला होता तिनं. रडून राह्यली होती. बाबा, बादलले घेऊन जा म्हने, यायले, म्हंजे तुमाले, लय तरास होऊन राह्यला, मले पाह्यवत नाही. मले सवडच आज भेटली."

मग टोपलीचं झाकण काढलं आणि मला म्हणाले, "आना बरं त्याले. पोरगी यायच्या आंधी निघतो."