बारा नंबरची पट्टी

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचे. आई, मी, दोन सुटकेसेस, तिची उशी (दुसऱ्या कुठल्याही उशीवर तिची मान धरते), तिचा दम्याचा पंप आणि माझा लॅपटॉप. वृद्धाश्रम चढावर आहे. तीन बाजूंना खोल्या, मध्ये फरशीचं अंगण, अंगणात बाक आणि चार कुंड्या. चोवीस खोल्या, चोवीस म्हातारी माणसं. नोकरी घेताना मी एकच अट घातली होती, आईला इथेच खोली हवी. तिला बारा नंबर मिळाला, मला जिन्याखालची छोटी खोली. दारातच ती म्हणाली, शेवटी टाकलंसच मला वृद्धाश्रमात, निदान स्वतःही आलीस हे बरं केलंस. आणि मग इतकी हसली की पंप काढावा लागला.

माझं काम इथल्या वायरलेस नेटवर्कचं. प्रत्येक गादीखाली कापडी पट्टी आहे, ती श्वास मोजते आणि बिनतारी काउंटरवरच्या पडद्यावर पाठवते. श्वास अडकला की त्या खोलीची ओळ लाल होते आणि सिस्टर धावतात. मोठ्या सिस्टर, म्हणजे इथल्या मुख्य परिचारिका, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, बाकी ठिकाणी नेटवर्क गेलं तर लोक चिडतात, इथे गेलं तर माणूस जातं, एवढं ध्यानात ठेव.

आईला पट्टीचं सांगितलं तर म्हणाली, तू तान्ही असताना झोपलीस की मी नाकाशी बोट धरून बघायचे. आता तू बघ. फिटंफाट.

रोजनिशी पुन्हा सुरू केली आहे. लॅपटॉपवरच, कामाच्या खिडकीशेजारी एक खिडकी उघडी ठेवून.

५ तारीख, बुधवार

दोन दिवस नुसती झाडलोट. पट्ट्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटवलेला सापडला. स्वयंपाकीणबाईंना विचारलं तर उलट मलाच म्हणाल्या, लक्षात ठेवायला माझं डोकं काय तिजोरी आहे? पासवर्ड बदलला. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं केलं. छतावरच्या वायफायच्या डब्यांचं जुनं सॉफ्टवेअर नवं केलं. शिडीवर असताना सात नंबरचे मास्तर खालून ओरडले, ए वायफाय, पडलीस तर तुझ्या नावाची ओळ कुठल्या पडद्यावर लाल होणार? इथे आता सगळे मला वायफायच म्हणतात.

मुख्य कचेरीने शिकवणीचा एक तास घेतला. चोर आता खिडकी फोडत नाही, घरच्याच माणसाचं नाव सांगून बेल वाजवतो. एखाद्या पट्टीचं नाव आणि नंबर चोरून दुसरंच काहीतरी त्या नावाने आत येतं. म्हणून नियम असा, की एका नावाच्या दोन ओळी दिसल्या तर स्थिर असेल ती ठेवायची आणि धडपडणारी बंद यादीत टाकायची. बंद यादीतल्याला दार कायमचं मिटलेलं. नियम सोपा आहे. मला सोपे नियम आवडतात.

८ तारीख, शनिवार

आज पहिला चोर धरला. सकाळी सात नंबरच्या दोन ओळी. एक सरळ, मिनिटाला चौदा श्वास, चौदा, चौदा. दुसरी अकरा, एकोणीस, तेवीस, मध्येच गायब, पुन्हा हजर. नियमाप्रमाणे दुसरी बंद यादीत टाकली. दोन मिनिटांचं काम. मोठ्या सिस्टरनी बिस्किटाचा अख्खा पुडा दिला.

मास्तरांना बघून आले. खिडकीशी बसले होते. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, बरा आहे. खोकला कुठे पळाला विचारलं तर तेच, बरा आहे. वायफाय म्हणून हाक मारली नाही.

११ तारीख, मंगळवार

आणखी पाच. चार नंबर, एकोणीस, वीस, तेवीस, आणि आज पहाटे नऊ. सगळ्यांना एकच औषध. कुणीतरी चिकाटीने आमच्या मागे लागलं आहे, पण मीही काही कमी नाही.

सिस्टर खूश आहेत, इतका शांत आठवडा त्यांनी पाहिला नाही म्हणे. चार नंबरच्या आजी पत्त्यांत लबाडी करण्यात तरबेज होत्या. काल मुकाट्याने हरल्या आणि पत्ते नीट जुळवून ठेवले. त्यांच्या जोडीदारीण आजी रुसून बसल्या. म्हणाल्या, लबाडी नाही केली तर मी भांडू कुणाशी?

आईला हे सांगितलं तर म्हणाली, बये, तू डबे राखायला आलीस की माणसं? डब्यांना दिवसातून दहादा बघतेस, आणि मला येऊन तेच तीन प्रश्न. जेवलीस का, झोप लागली का, काही हवंय का. हॉटेलातला वेटर बरा, तो निदान निवड तरी देतो.

१३ तारीख, गुरुवार

बारा नंबरच्या दोन ओळी.

खरंच राग आला. माझ्या आईच्या नावाने कुणीतरी आत शिरायला बघतं. एक सरळ, चौदा, चौदा. दुसरी नऊ, बावीस, सतरा, अशी उड्या मारणारी. बंद यादीत टाकली, आणि दोनदा तपासलं की नीट पडली आहे ना. सात झाले.

१५ तारीख, शनिवार

आई बरी आहे. दोन दिवस पंप मागितला नाही. उशीही कुठलीही चालते. सकाळी बाकावर जाऊन बसते, दुपारी आत येते.

जेवलीस का? जेवले. झोप लागली का? लागली. काही हवंय का? काही नको, तूच बस जरा.

हे शेवटचं ती नेहमी म्हणायची, माझा पाय दारात असताना, चिमटा काढल्यासारखं. आता मी बसलेली असतानाही म्हणते. रोज तेवढंच थांबून, तेवढ्याच आवाजात.

मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. वाईटही वाटत नाही. चहा गरम होता की गार, ते कप रिकामा झाल्यावर आठवत बसले. आठवलं नाही.

१७ तारीख, सोमवार

आमच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट आज डोक्यातून जात नाही. नाव चोरणारा आधी ऐकत बसतो. दाराने काय विचारलं, आतल्याने काय उत्तर दिलं, सगळं टिपून ठेवतो, आणि वेळ आली की तीच उत्तरं परत वाजवतो. म्हणून चांगलं कुलूप दर वेळी नवा प्रश्न विचारतं.

मी आईला किती वर्षं तेच तीन प्रश्न विचारते आहे? इथे सगळेच तसं विचारतात. सिस्टर, स्वयंपाकीणबाई, रविवारी येणारे मुलगे-सुना. सगळ्यांना कामं असतात. काळजी असते म्हणून तर विचारतो.

उद्या तिला आजवर कधीच न विचारलेलं विचारणार आहे. माझा डावा हात कशाने भाजला होता? उत्तर आम्हा दोघींनाच माहीत. दुधाच्या पातेल्याने, मी चार वर्षांची असताना, ती शेजारणीशी बोलत उभी होती तेव्हा. हा विषय आमच्यात कधी निघालेला नाही.

१८ तारीख, मंगळवार

हे कागदावर लिहिते आहे. सामानाच्या वहीची मागची पानं, पेन्सिल. लॅपटॉपवर आता काही लिहायचं नाही.

विचारलं. ती थांबली. म्हणाली, दुधाच्या पातेल्याने गं. तू चार वर्षांची होतीस. मी शेजारणीशी बोलत उभी होते. मग माझा डावा हात मांडीवर घेतला आणि मनगटाच्या वर बोट फिरवलं, डाग असता तर जिथे असता, बरोबर तिथे.

माझा हात कधीच भाजला नाही.

ते मी काल रचून लिहिलं होतं. कुणाला बोलले नाही. ते फक्त लॅपटॉपमध्ये होतं.

हात सोडवून घेतला नाही. का, ते माहीत नाही. तिचा हात ऊबदार होता असं वाटतं.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पडदा दाखवला, चोवीस ओळी हिरव्या. म्हणाल्या, लोकांची आई खंगत जाते म्हणून लोक रडतात, तुझी सुधारली तर तू रडतेस? जा, झोप काढ. मी रडत होते हे मला त्यांच्याकडून कळलं.

१९ तारीख, बुधवार

बंद यादी आज पहिल्यांदा उघडून वाचली. टाकताना आपण फक्त टाकतो, वाचत कुणी नाही.

नाकारलेलं निघून जात नाही. ते परत दार वाजवतं. नाकारलं की आधीपेक्षा जास्त वेळ थांबतं, आणि पुन्हा वाजवतं. प्रत्येक खेपेची नोंद आहे, त्या वेळच्या श्वासासकट. सात नंबर चार दिवस वाजवत होता. मग नाही. पट्टीचा सेल संपला. चार नंबर, नाही. एकोणीस, वीस, तेवीस, नऊ, नाही. नाही.

बारा नंबर. पहिल्या दिवशी मिनिटामिनिटाला. मग तासातासाला. काल दोनदा. आज एकदा, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. सेल दोन टक्के.

नऊ, बावीस, सतरा.

आईला दमा आहे. तिचा श्वास जन्मात कधी एका चालीने चालला नाही. मी त्याच आवाजाशेजारी झोपून मोठी झाले. ती ओळ बघून मला ती आठवायला हवी होती. मला नियम आठवला.

ती अंगणात बसलेली असताना बारा नंबरमध्ये गेले. गादी उचलली. पट्टी एकच. तिचा दिवा लाल, मिणमिणता. गादी खाली ठेवली. वर कुणी नाही, चादरीला सुरकुती नाही. आज सकाळी नऊ दहालाही ती बाकावर होती, मी बघितली होती. आणि पट्टीने या रिकाम्या गादीवरचा श्वास मोजून पाठवला.

चादरीवर हात ठेवला. आई, म्हटलं. हाताला काही कळलं नाही. हल्ली हाताला काहीच कळत नाही.

बाराचं नाव बंद यादीतून काढलं. आता तिने एकदा वाजवायला हवं. एकदाच. सेल आत शिवलेला असतो, बदलता येत नाही. आपल्या बाजूने हाक मारता येत नाही, सुरुवात पट्टीनेच करायची असते. विचारणा आली की हो म्हणायचं, आणि त्या चौदावालीला बाहेर काढायचं. दोन बटणं.

बाकीच्या सहांसाठी काही करता येणार नाही. हे लिहिताना काही वाटायला हवं —

२० तारीख, गुरुवार

सकाळी आठ. बारा नंबरमध्ये, जमिनीवर, पलंगाला टेकून. लॅपटॉप मांडीवर, वही शेजारी. ती अंगणात आहे.

नऊ दहा. नाही.

दहा. सिस्टर डोकावल्या. आई बाहेर आणि तू इथे कुणाजवळ बसलीस म्हणाल्या. काम आहे म्हटलं.

साडेदहा. विसरू नये म्हणून लिहून ठेवते. मी इथे माझ्या आईची वाट बघते आहे. ती चिमटे काढते. तिला एकच उशी चालते. ती मला बये म्हणते.

अकरा. नाही. पाय बधिर. मग पायच नाहीत असं. भीती वाटत नाही. याचीच वाटायला —

सव्वाअकरा. ती आत आली. बसली शेजारी, जमिनीवर. आईचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत. जेवलीस का, विचारलं. मला.

जेवले म्हटलं.

साडेअकरा. झोप लागली का. लागली.

विचारते कुणाची वाट बघतेस. सांगणार होते. वर लिहिलं आहे, वाचलं. उशी. बये. शब्द आहेत सगळे, नुसते —

पावणेबारा. आली. विचारणा. बारा नंबर आत येऊ इच्छितो, हो किंवा नाही. सहा. एकतीस. आठ. सेल एक टक्का. बोट हो वर ठेवलं आहे. दाबायचं आहे. दाबायचं एवढंच —

तिने बोटावर बोट ठेवलं. अलगद. म्हणते, कशाला उगाच, आहोत ना आपण दोघी इथे.

हो. आहोत की. आपण दो