पळसाच्या पानांचा बाबा

बाबा, तू गेलास तेव्हा जेवढा होतास, त्याहून माझा पोरगा आता मोठा आहे. मी तर तुझ्या बापाच्या वयाला आलो. तरी तुला 'तू' म्हणताना जीभ तुझ्या डोंग्यात, त्या लहान नावेत, मागं बसणाऱ्या पोराचीच होते, त्याला माझा इलाज नाही. माय आत पडली आहे. मी बाहेरच्या खोलीत, रंगाच्या वासात बसून हे लिहितो आहे.

तू विचारशील, पोरा, जाळं सोडून करतो तरी काय? मी मेलेल्या माणसांचे चेहरे रंगवतो. ब्रह्मपुरीत, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. लोक फोटो घेऊन येतात. फोटो कसला, आधार कार्डावरचं ते चोरासारखं दिसणारं तोंड, नाहीतर दुसऱ्याच्या लग्नात पंगतीत वाढताना कोपऱ्यात आलेला अर्धा गाल. आणि ज्यांच्याजवळ तेही नसतं, त्यांना मी सांगतो, घरची माणसं घेऊन या. बाकावर त्यांना ओळीनं बसवतो. भावाचं कपाळ घेतो, पोरीची हनुवटी घेतो, पुतण्याचे कान. डोळे शेवटी. घरचे बघतात, पदर तोंडाला लावतात आणि म्हणतात, हो जी, हाच होता. या धंद्यात माझा हात बरा आहे, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

यात कोणी जन्मानं येत नाही, बाबा. मी आलो तो भिंतींवरून. आधी गावोगाव भिंतींवर 'मुलगी शिकवा' आणि 'शौचालय बांधा' लिहायचो, आणि त्याच भिंतीच्या आडोशाला लोक लोटा घेऊन बसायचे. मग वडश्याला नाटक कंपनीचे पडदे रंगवले. राजवाडा, जंगल, तुळशीवृंदावन, एकाच राजवाड्यात तीन मोसम वेगवेगळे राजे मेले. मग फ्लेक्स आला आणि आमच्या ब्रशवाल्यांच्या पोटावर पाय आला. तेव्हा एक बाई आली. मोहफुलं वेचायला गेलेला तिचा नवरा वाघानं नेला होता, फोटो एकही नव्हता. तिच्या दोन दिरांचे चेहरे पुढं ठेवून मी त्याला काढला. तिनं हार घातला, पुष्कळ वेळ पाहत बसली आणि म्हणाली, "आता समजलं त्याले." मला वाटलं, दुःखानं बोलते आहे. घरी येऊन मायला हसत सांगितलं. माय हसली नाही. म्हणाली, "तुह्या बाबाले नाई समजलं अजून."

तुला काय समजलं नाही, ते मला ठाऊक होतं. वैनगंगेला पूर होता आणि तू जाळं सोडवायला गेलास. डोंगा खाली बाभळीत अडकलेला सापडला, तू सापडला नाहीस. लोकांनी वाट पाहिली, मग जाणती माणसं बसली आणि त्यांनी पळसाच्या पानांचा माणूस केला. पानांचे हात, पानांचे पाय, डोक्याच्या जागी नारळ. अंग सापडत नाही त्याचं असंच करतात. माझ्या हातात विस्तव दिला. मी विचारलं, "याचं तोंड कुठी आहे?" काका डाफरला, "गप रे." पण मायनं ते ऐकलं होतं, आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. तिचं म्हणणं, ज्याला तोंडाशिवाय जाळलं त्याला आपण मेलो हे कळायचं कसं?

म्हणून तू येतोस, ती म्हणते. दिवे लागायच्या वेळी. आत येत नाहीस, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहतोस आणि जाळं मागतोस. "मंग तू काय म्हनते?" मी एकदा चिडून विचारलं. "काय म्हनू? म्हनते, वाळाले टाकलं हाये जी, अजून ओलं हाये. मंग जाते तो." इतकी वर्षं माय तुला ओलं जाळं सांगून परत पाठवते आहे. तरुणपणी मी तिच्यावर ओरडायचो, लोक काय म्हणतील म्हणून. नंतर ओरडणं सोडलं. दिवेलागणीला मीच दाराकडं पाठ करून बसायला लागलो.

काचबिंदूनं तिचे डोळे गेले, तेव्हा ती मागंच लागली. "दुसऱ्याच्या घरचे समजावून राह्यला, आन आपल्या घरचा दारात उभा हाये. त्याचं चित्र कर. हार घाल. पाह्यलं तं समजन त्याले." मी म्हटलं, बघू. तेव्हा ती जे बोलली त्यानंतर मला बघू म्हणता आलं नाही. "मी मेली का त्याले कोन सांगन जाळं ओलं हाये मनून? तो तसाच उभा राहीन ना रे."

आता माझी पंचाईत ऐक. मला तुझं तोंड आठवत नाही. डोंग्यात मी मागं बसायचो. तुझी पाठ मी कधीही काढून देईन, मानेवरचा घाम, खांद्याचं हाड, वल्हं ओढताना उजवीकडं पडणारी सुरकुती. तोंड तू माझ्याकडं वळवलेलं मला एकदाच आठवतं, मी काठावरून वाकून पाण्यात पाहत होतो तेव्हा. "पान्यात तोंड नको पाहू. पानी ठेवून घेते." तेव्हाही मागून ऊन होतं आणि तुझ्या तोंडाच्या जागी नुसता काळोख. काका गेला, आत्या गेली. माझा पोरगा दूर नोकरीला असतो, आणि तोंडानं तो सगळा आपल्या मायवर गेला. बाकावर बसवायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

चंद्रपूरला आम्ही चेहरे काढणारे लोक रविवारी एका शाळेच्या खोलीत जमतो. एकमेकांना बसवून काढतो. तुला गंमत वाटेल, एकाची वाट दुसऱ्याला मिळत नाही. एक नर्सबाई आहेत, आता रिटायर झाल्या. त्यांच्या वस्तीतल्या विहारातलं चित्र ओल येऊन खराब झालं, ते दुरुस्त करता करता त्यांना हा नाद लागला. अहेरीकडची एक पोरगी आहे, तिची आजी गोंदायची, ही नागपूरला कॉलेजात शिकून आली. एक कोळशाच्या खाणीतले आहेत, त्यांच्या चित्रात उजेड नेहमी वरूनच पडतो. आणि मूल गावचे सलूनवाले भाऊ. ते माझे दोस्त. दिवसा दाढ्या करतात आणि त्याच गिऱ्हाइकांना संध्याकाळी आठवून काढतात. मी माझी अडचण सांगितली तर प्रत्येकानं आपापल्या पहिल्या धंद्यातून उत्तर दिलं. नर्सबाई म्हणाल्या, "कान पाहा, रक्त कानात राहते." पोरगी म्हणाली, "आईच्या मनातलं काढा ना सर, बाबांचं कशाला?" ती शिकलेली आहे, तिला असं सुचतं. सलूनवाले भाऊ मात्र चहापर्यंत थांबले. चहा पिताना हळूच म्हणाले, "डोळ्यानं नाई, हातानं इचारा. मानसाचं डोस्कं हाताले जास्ती याद राह्यते. मायचा हात तुमच्या तोंडावर फिरू द्या. जिथी फरक हाये तिथी ती सांगन."

मी तसंच केलं. दुपारी जेवण झालं की मायच्या खाटेपुढं खाली बसायचो. ती दोन्ही हातांनी माझं तोंड धरायची. तिची बोटं थंड असतात, लसणाचा वास येतो. "कपाळ इतकं मोठं नोहतं." मी उठून कॅनव्हासवर कपाळ कमी करायचो. "भोया मधात भिडत होत्या." भुवया जोडायच्या. "नाक इथी बसकं, लहानपनी डोंग्यावर आपटला होता." "गाल इतके भरले नाई त्याचे, खायले कुठी होतं?" ती सांगायची आणि मधेच थांबून हसायची, पोरीसारखी लाजायची. मी पहिल्यांदा तिला तुझी बायको म्हणून पाहिलं, बाबा. मायला मायच समजत आलो होतो.

हळूहळू तिचं सांगणं कमी झालं. बोटं फिरायची आणि म्हणायची, "हे बराबर हाये. हे बी बराबर." मी खूश. चित्र जमत चाललं होतं. कारागीर माणूस, त्याला तेवढंच दिसतं. एका दुपारी ब्रश धुताना एकदम माझ्या लक्षात आलं आणि हात पाण्यातच राहिला. माय चित्राला हात लावतच नव्हती. ओल्या रंगाला हात कसा लावेल? तिचा हात माझ्या तोंडावर होता. चित्र मी बदलत होतो. मग माझ्या तोंडातले फरक कसे कमी होत होते?

मी स्वतःला समजावलं, म्हातारं माणूस आहे, थकली, विसरली. त्याच आठवड्यात सलूनवाले भाऊ घरी आले, मायची खुशाली विचारायला. माझी दाढी वाढलेली पाहून म्हणाले, बसा, आलोच आहो तं करून टाकतो. फेस लावता लावता त्यांचा हात थांबला. "भाऊ, तुमच्या भोया कईपासून भिडल्या?" मी भुवईवर बोट फिरवून पाहिलं. ते म्हणाले, "होते तसं. वयानं केस वाढतेत. आन वजन बी उतरलं तुमचं, मायच्या सेवेत खाता कुठी?" सगळं पटण्यासारखं होतं. दाढी झाल्यावर मी त्यांना चित्र दाखवलं. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. "बाबाचं मनता? हे तं तुमीच हाये ना जी." चहा न पिताच गेले, आणि ते कधी चहा सोडत नाहीत.

मला भीती वाटली, सरळ सांगतो. घरातला आरसा मी कपाटात टाकला, वर चादर टाकली. चित्रात फक्त डोळे राहिले होते. डोळे बोटांनी सांगता येत नाहीत, ते मी मनानंच केले. ते झाल्यावर चित्राकडं पाहिलं आणि वाटलं, हा माणूस काहीतरी मागायला आला आहे. हार आणून ठेवला होता. झेंडूचा. माय म्हणाली, "घालाच्या आधी एकडाव पाहू दे."

दिवे लागायची वेळ होती. मी खाली बसलो. तिनं हात फिरवला, कपाळ, भुवया, नाक. कुठेच थांबली नाही. गालावर आली, गळ्यावर आली. मग तिनं माझे दोन्ही कान धरले. दार उघडं होतं आणि आज दारात कोणी आहे असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "इतके दिवस आत काऊन नाई आले जी?"

मी म्हणायला पाहिजे होतं, माय, मी आहो, तुहा पोरगा. ओठांवर आलंही होतं. पण बाबा, माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवलं नव्हतं. मी विचारलं, "जाळं वाळलं का?"

मायचं तोंड असं सैलावलं, असं मोकळं झालं, की मी जन्मात तसं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "वाळलं ना जी. कईचंच वाळलं." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझ्या नाही, तुझ्या.

तेव्हापासून दारात कोणी येत नाही. माय नीट जेवते. दिवसा मी तिचा पोरगा असतो, औषधं देतो, ती मला नावानं हाक मारते, शिव्याही घालते. संध्याकाळी ती आवाज बदलते. "आयकता का जी," म्हणते, आणि नदीचं, मासळीचं, मार्कंड्याच्या जत्रेत चोळीसाठी घेतलेल्या कापडाचं विचारते. मी उत्तरं देतो. काही उत्तरं बरोबर निघतात. ती मला कुठून येतात ते मी शोधत नाही.

चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं आहे. रविवारची मंडळी प्रदर्शनासाठी मागत होती, मी रंग ओला आहे म्हणून सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, "मनात आहे ते वडिलांना लिहून काढा, अन् कागद नदीत सोडून द्या. हलकं वाटते." म्हणून लिहायला बसलो. लिहून झाल्यावर वाचलं तर कळलं, यात पानोपानी लिहिलं आहे की तू मेलास. हे तुझ्या हाती पडलं तर तुला समजेल.

तो हार मी त्याच संध्याकाळी शेजारच्या गणपतीला देऊन टाकला. मायला सांगितलं, घातला. तुला समजू नये, असं मलाच वाटतं, बाबा. हा कागदही नदीत जाणार नाही. ती हाक मारून राह्यली आहे. जातो.