दुसऱ्या रिळातला तुकडा

राज्य तुरुंग, वायोमिंग
रविवार, ३ मार्च १९५७

चि. व्हर्ला हिस अनेक आशीर्वाद.

आज जेवणघराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही सिनेमा पाहिला. मशीन मी चालवलं. हसू नकोस. तू तंत्रशाळेत दोन वर्षं जे शिकलीस ते मी इथे चार रविवारांत शिकलो, म्हणून चित्र मधूनमधून थरथरतं. घोंगड्यांना भोकं आहेत. त्यांतून उन्हाचे ठिपके पडद्यावर पडतात आणि सिनेमातल्या नदीवर भर दुपारी चांदण्या दिसतात.

गोष्ट आपल्याच मुलखातली. घोडे, धूळ आणि गुरं पळवणारा एक दरोडेखोर. शेवटी तो नदी ओलांडून येतो, पिस्तुलाचा पट्टा खांबाला टांगतो आणि ज्याची गुरं नेली त्याचं कुंपण दुरुस्त करत बसतो. तीनशे माणसांत कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या कोठडीतला बर्ट नंतर म्हणाला की, म्हाताऱ्या, परत लाव, सगळं नको, नदी ओलांडतो तेवढंच.

चोरीचे प्रसंग आम्हाला दाखवायचे नाहीत असा वरचा हुकूम आहे. त्यामुळे आमच्याकडचे दरोडेखोर पहिल्यापासून पस्तावलेले असतात, कशापायी ते देव जाणे. दुसऱ्या रिळातला तो तुकडा मी कापून डब्यात ठेवला आहे. डबे इथून तुझ्याच थिएटरात येतील. तुकडा कुठे जोडायचा, ते आतल्या चिठ्ठीत लिहिलं आहे.

आता कामाचं. एक एप्रिलला पॅरोलचं मंडळ बसतं. सुटलो तर मी तुझ्या घरी राहीन, असा कागद सोबत जोडला आहे. त्यावर तुझी सही लागते. सही नसेल तर आणखी दोन वर्षं इथेच. आग्रह नाही.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढला तर तक्रार करणार नाही.

तुझा बाप,
ऑरिन

*

सेज फोर्क, वायोमिंग
सोमवार, ११ मार्च १९५७

श्री. ऑरिन टॅकेट यांस स. न. वि. वि.

पत्र आणि कागद पोचले. डबेही पोचले.

शनिवारच्या खेळात माझ्याकडून एक चूक झाली, ती कळवणं आवश्यक आहे. डब्यातली चिठ्ठी तुमच्या अक्षरातली होती, म्हणून मी ती उघडली नाही. तुकडा उजेडासमोर धरून पाहिला. त्यात तारेचं कुंपण होतं आणि लांब कोट घातलेला माणूस. शेवटच्या रिळातही तेच कुंपण, तोच कोट. मी चौकटीला चौकट जुळवली. जोड इतका स्वच्छ बसला की बोटाला लागला नाही. फिल्मच्या कडेचे आकडे पाहायला हवे होते. पाहिले नाहीत.

परिणाम असा झाला की दरोडेखोराने पट्टा टांगला, कुंपण दुरुस्त केलं आणि लगेच तीच तार तोडून गुरं हाकलून नेली. तिथे सिनेमा संपला.

कोणीही ओरडलं नाही, शिट्ट्या मारल्या नाहीत. लोकांना ते बरोबरच वाटलं. मिसेस पार्डी जाताना म्हणाल्या की बाई, या खेपेला खरा सिनेमा आणलास. हॉलिस व्हार्नी नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत होते. दारात टोपी घालताना ते म्हणाले की कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडंच. मग मी तिथे उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हवेबद्दल काहीतरी विचारलं.

चूक मला रविवारी सकाळी रिळं गुंडाळताना कळली. तेव्हा चिठ्ठी वाचली. तुकडा योग्य जागी जोडून डबे पुढच्या गावी पाठवले आहेत. डेन्व्हरला सिनेमा कंपनीकडे परत जाताना ते पुन्हा एक दिवस आमच्याकडे असतील.

मी अशा चुका करत नाही. ही का झाली याचा विचार करते आहे. प्रेक्षकांप्रमाणे मलाही तो जोड बरोबर वाटला होता, एवढंच सध्या सांगता येईल.

कागदावर सही केलेली नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटी आहे आणि व्हार्नींचं कुरण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. कोर्टाने परत केलेली तुमची तारेची पक्कड मी मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या गरम कांड्या काढायला वापरते. तीही मी घरात ठेवत नाही.

कळावे.

व्हर्ला टॅकेट

*

राज्य तुरुंग
रविवार, १७ मार्च १९५७

चि. व्हर्ला हिस अनेक आशीर्वाद.

तू मला 'श्री.' लिहितेस. इथे नंबराने हाक मारतात, त्या मानाने बढतीच झाली.

तुझं पत्र बर्टला वाचून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. मग तो भिंतीकडे तोंड करून पडला.

हॉलिस चुकीचं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याची चाळीस वासरं मी नेली. त्याची तार मी तोडली, त्याच पक्कडीने, एकोणपन्नासच्या ऑक्टोबरात. तू सोळा वर्षांची होतीस आणि सकाळी मला विचारलं होतंस की बुटांना एवढा चिखल कसा. मी म्हणालो होतो, नदीवर गेलो होतो. तेवढा भाग मला कोणी कापून द्यावा असं वाटायचं. आता वाटत नाही.

हल्ली झोपेत मी ती सिनेमातली नदी ओलांडतो. पाणी गुडघ्यापर्यंत असतं, ऊबदार. पलीकडे एक दिवा असतो. घर कोणाचं ते दिसायच्या आत घंटा होते. घर तुझंच असलं पाहिजे असं नाही, हे मी जागेपणी स्वतःला बजावतो.

सही करू नये असं वाटलं तर करू नकोस. पण पत्र लिहीत जा, वीजबिलासारखं का होईना.

तुझा,
ऑरिन

*

सेज फोर्क
सोमवार, २५ मार्च १९५७

ती. बाबांस सा. न. वि. वि.

डबे शनिवारी परत आले. मी बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं की मागच्या खेळात चूक झाली होती, रविवारी दुपारी तोच सिनेमा नीट दाखवू, तिकीट नाही. अकरा माणसं आली. व्हार्नी तिसऱ्या रांगेत होते.

रीळ वीस मिनिटं चालतं. प्रत्येक रीळ लावून मी खाली प्रेक्षकांत येत होते, सतरा मिनिटं बसत होते आणि पुढचं लावायला वर जात होते. चार वर्षांत मी खाली कधी बसले नव्हते. वरून प्रकाशाचा झोत नुसता सरळ दिसतो. खालून पाहिलं तर त्यात धूळ तरंगत असते, फार सावकाश, आणि ती कुठे जाते ते कळत नाही. दुसऱ्या रिळात त्याने तार तोडली. मला ते पाहावंसं वाटत नव्हतं, पण मी पाहिलं. शेवटच्या रिळात तो नदीत उतरला तेव्हा मी घड्याळ पाहायचं विसरले.

संपल्यावर व्हार्नी माझ्याजवळ आले. ते म्हणाले की सिनेमावाल्यांना कुंपणातलं ओ की ठो कळत नाही. तार अशी ठोकली तर पहिल्या बर्फाला लोंबेल. मग बराच वेळ टोपी फिरवत राहिले. म्हणाले, तुझा बाप चोर खरा, पण तार ताणावी ती त्यानेच. माझी दक्षिणेकडची बाजू या हिवाळ्यात पार बसली आहे.

मी विचारलं की त्यांना नक्की काय म्हणायचं आहे. ते म्हणाले, कुंपणाबद्दल बोलतोय, आणि गाडीकडे गेले.

सही केलेला कागद सोबत आहे. तो मी दोनदा वाचला. एक अट माझी स्वतःची आहे: बुटांना चिखल असेल तर कुठला ते मला सांगायचं.

लोभाविषयी मला नीट लिहिता येत नाही. तो असावा.

पक्कड घरी आणून ठेवली आहे. कांड्यांनी तोंड काळं झालं आहे, पण धार तपासली. तार तुटते आणि पिळलीही जाते.

आपली,
व्हर्ला